खुरकुताचे कवच

1897 साली मुंबईत प्लेगने माणसे पटापट मरत होती. त्या साथीच्या अभ्यासासाठी जर्मन सरकारने एक आयोग पाठवला होता. दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या बुळकांडीवर काम करत असलेले रॉबर्ट कॉख तिथला कारभार सहकाऱ्यांवर सोपवून या आयोगात दाखल झाले. याच मुक्कामात ते कुमाऊंच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरलाही जाऊन आले. तिथे सरकारची जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा होती. 1889 मध्ये ती पुण्यात सुरू झाली होती, आणि चारच वर्षांत रोगजंतू वस्तीत पसरू नयेत म्हणून तिला हिमालयात हलवले गेले होते. तिथे सगळे लक्ष बुळकांडीकडे होते आणि ते साहजिकच होते, कारण बुळकांडी गोठेच्या गोठे रिकामे करत असे. लाळ्या खुरकुताकडे कोणी फारसे पाहत नव्हते. मोठे जनावर त्याने सहसा मरत नाही.

पण त्याच वर्षी बर्लिनमध्ये, कॉख यांच्याच संस्थेत, त्यांचे जुने सहकारी फ्रिड्रिख लोफ्लर हा दुर्लक्षित रोग हाताळत होते. प्रशियाच्या सरकारने पाउल फ्रॉश यांच्यासह त्यांना हे काम दिले होते. जर्मन पशुपालकांनी सरकारच्या मागे लकडा लावला होता, कारण त्यांचा हिशेब मरणाचा नव्हता. दूध आटते, मांस उतरते, बाजार बंद पडतो, हा तो हिशेब होता. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तो समजावून सांगायला नको. आधी ताप येतो, मग तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागतात. जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात, कधी सडांवरही फोड येतात. फोड फुटले की जिभेची सालच निघते आणि समोर हिरवी वैरण असून जनावर तोंड लावत नाही. खुरातल्या जखमेत अळ्या पडतात आणि ऐन पेरणीत बैल जागचा हलत नाही. दोन-तीन आठवड्यांत जनावर सावरते, तरी काही गाई पुढे उन्हात कायमच धापा टाकत राहतात आणि पूर्वीइतके दूध कधीच देत नाहीत. लहान वासरे तर फोड दिसण्याआधीच दगावतात, कारण त्यांच्यात रोग थेट हृदयाच्या स्नायूवर जातो. ज्याच्या दावणीला दोनच गाई आहेत, त्याला ‘जनावर मरत नाही’ हे सांगून काय उपयोग?

गोठ्यातला माणूस या रोगाबद्दल दोन प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारत आला आहे. सगळे अंग सोडून फोड तोंडात आणि खुरातच का येतात? आणि एकदा रोग होऊन गेलेले किंवा लस टोचलेले जनावर पुन्हा कसे आजारी पडते? या दोन्हींची उत्तरे विषाणूच्या अंगावरच्या एका प्रथिनात सापडली. ती सापडायला शंभर वर्षे लागली, आणि त्या शतकात हुशार माणसे पुन:पुन्हा एकाच जागी फसली.

लोफ्लर आणि फ्रॉश यांनी फोडांतला स्राव घेतला, त्याच्या एका भागात 39 भाग पाणी मिसळले आणि गाळणीची परीक्षा घेण्यासाठी त्यात एक सहज वाढणारा जिवाणू मुद्दाम घातला. मग हे मिश्रण किसेलगुर मातीच्या गाळणीतून दोन-तीनदा गाळले. गाळलेल्या पाण्यात तो जिवाणू वाढेना, म्हणजे गाळणी चोख होती. तेच पाणी वासरांना टोचले, तर न गाळलेला स्राव टोचलेल्या वासरांइतक्याच दिवसांत तीही आजारी पडली. आधी त्यांना विषाची शंका आली. पण गाळलेल्या पाण्याने आजारी पडलेल्या वासराचा स्राव पुढच्या वासराला, त्याचा आणखी पुढच्याला, असे कितीही केले तरी रोगाची ताकद कमी होत नव्हती. विष असते तर प्रत्येक वेळी पातळ होत गेले असते. म्हणजे ती वस्तू जनावराच्या अंगात वाढत होती. याहून बारीक छिद्रांच्या कितासातो गाळणीतून ती पलीकडे गेली नाही, तेव्हा ती द्रव नसून कण आहे, हेही त्यांनी ताडले. 1898 मध्ये हा अहवाल छापला गेला. प्राण्यांना रोग देणारा विषाणू जगाला पहिल्यांदा कळला तो असा, लाळ्या खुरकुतातून. देवी, रेबीज, पोलिओ यांचे विषाणू ओळखले गेले ते नंतर. शाळेच्या पुस्तकांत तंबाखूच्या पानांवरच्या रोगाचे नाव येते, ते यायलाच हवे. पण या वासरांचाही उल्लेख तिथे असायला हवा, असे मला वाटते.

लोफ्लर यांनी पुढचे काम बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डला नेले. तिथे प्रयोगांच्या जनावरांतून आसपासच्या गोठ्यांत रोग पसरला आणि लोकांच्या तक्रारींमुळे काम थांबवावे लागले. त्यावर तोडगा म्हणून 1910 मध्ये किनाऱ्याजवळचे रीम्स नावाचे छोटे बेट त्यांना देण्यात आले. केवळ विषाणूंच्या अभ्यासासाठी उभी राहिलेली ती जगातली पहिली संस्था. विषाणू प्रयोगशाळेतून निसटू शकतो, हा धडा इतक्या लवकर मिळाला होता. पुढे तो एकदा विसरला जायचा होता.

रीम्सवर 1920 मध्ये ओटो वाल्डमान आणि त्यांच्या सहकाऱ्याने गिनीपिगच्या तळपायाला हा रोग देता येतो हे दाखवले, तेव्हा अभ्यास स्वस्त झाला. 1922 मध्ये फ्रान्समध्ये व्हाले आणि कारे यांना एक विचित्र गोष्ट आढळली. एका ठिकाणच्या विषाणूने आजारी पडून बरे झालेले जनावर दुसऱ्या ठिकाणच्या विषाणूला बळी पडत होते. जणू रोग एक नव्हता, दोन होते. एक नमुना फ्रान्सच्या ओइझ जिल्ह्यातला, त्याला ‘ओ’ म्हटले. दुसरा जर्मनीतून आलेला, त्या देशाच्या फ्रेंच नावावरून तो ‘ए’. 1926 मध्ये वाल्डमान आणि ट्राउटवाइन यांनी तिसरा शोधला, तो ‘सी’. पुढे इंग्लंडमधल्या पिरब्राइटच्या प्रयोगशाळेने आफ्रिकेतल्या नमुन्यांतून आणखी तीन ओळखले. 1954 मध्ये पाकिस्तानातून आलेल्या नमुन्यात सातवा, ‘एशिया 1’, मिळाला. एका प्रकाराची लस दुसऱ्या प्रकाराला अडवत नाही. आपल्याकडे जी लस टोचतात तिच्यात ओ, ए आणि एशिया 1 असे तीन प्रकार एकत्र असतात, त्याचे मूळ हे. ‘सी’ 1995 नंतर भारतात दिसलेला नाही.

लस करायची तर विषाणू भरपूर हवा, आणि विषाणू वाढायला जिवंत पेशी हव्यात. नेदरलँड्समध्ये हेर्मान फ्रेंकेल यांनी त्यासाठी कत्तलखान्याची वाट धरली. निरोगी जनावरांच्या जिभा गोळा करायच्या, त्यांची वरची साल काढून पोषक द्रवात जिवंत ठेवायची आणि तिच्यात विषाणू वाढवायचा, ही त्यांची पद्धत 1947 च्या सुमारास रुळली. विषाणूला जीभ आवडते, ती का आवडते हे कोणाला ठाऊक नव्हते, पण त्या आवडीचा उपयोग मात्र झाला. पश्चिम युरोपात रोग ओसरला तो याच लशीने. 1962 मध्ये पिरब्राइटला हॅम्स्टर या छोट्या प्राण्याच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर विषाणू वाढवता आला आणि मोठमोठ्या टाक्यांतून लस तयार होऊ लागली. आजची लस त्याच वंशाच्या पेशींत वाढवतात, मग रसायनाने विषाणू मारून ती वापरतात.

विषाणू मारण्यात कसूर राहिली तर काय होते, तेही युरोपने पाहिले. 1987 मध्ये बेक आणि श्ट्रोमायर या जर्मन संशोधकांनी युरोपातल्या साथींच्या विषाणूंची जनुके लसीतल्या वाणांशी ताडून पाहिली. कित्येक साथींचे विषाणू लसीच्या वाणांशी इतके मिळतेजुळते निघाले की, रोग लशीतून किंवा लशीच्या कारखान्यातूनच सुटला असावा असा अर्थ निघत होता. ही ताडणी करताना त्यांनी जो जनुकाचा तुकडा वाचला, तो व्हीपी1 या प्रथिनाचा होता. इथून पुढे या गोष्टीचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, तो हाच.

विषाणू म्हणजे सुमारे 30 नॅनोमीटरचा गोळा. आत सुमारे 8,400 अक्षरांचा आरएनएचा एक धागा, आणि बाहेर प्रथिनांचे कवच. कवचात चार प्रथिने आहेत, प्रत्येकाच्या 60 प्रती. व्हीपी1, व्हीपी2 आणि व्हीपी3 बाहेर दिसतात, व्हीपी4 आतल्या बाजूला दडलेले असते. पाच-पाच प्रती मिळून एक पंचकोनी तुकडा होतो आणि असे 12 तुकडे जुळून बंद कवच होते. यातले कोणते प्रथिन महत्त्वाचे, याचा सुगावा पिरब्राइटच्या फ्रेड ब्राउन यांना एका साध्या प्रयोगातून लागला. ट्रिप्सिन हे आतड्यातले पाचक विकर विषाणूवर सोडले तर कवच शाबूत राहते, फक्त एक प्रथिन एका जागी कापले जाते. पण तेवढ्याने विषाणूला पेशीला चिकटता येत नाही आणि त्याची लागण करण्याची क्षमता कोसळते. शिवाय असा विषाणू लस म्हणूनही कमजोर ठरतो. 1969 मध्ये ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. कापले जाणारे ते प्रथिन व्हीपी1 होते. जिथून विषाणू पेशीला पकडतो, तिथेच जनावराचे शरीर विषाणूला ओळखते, असा त्याचा अर्थ होता.

हे कळल्यावर एक मोह पडणे स्वाभाविक होते. अख्खा विषाणू वाढवायचा धोका कशाला? एवढे एकच प्रथिन बनवून टोचले तर? अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या प्लम बेटावर हॉवर्ड बाखराख यांनी 1975 मध्ये विषाणूतून हे प्रथिन वेगळे काढून जनावरांना टोचले आणि त्याने संरक्षण मिळू शकते हे दाखवले. जून 1981 मध्ये अमेरिकेच्या कृषिमंत्र्यांनी जाहीर केले की जनुक-अभियांत्रिकीने बनवलेल्या प्रथिनाची लस गाई-डुकरांवर यशस्वी झाली आहे. ई. कोलाय जिवाणूत व्हीपी1 तयार करून घेतले होते. नव्या जैवतंत्रज्ञानाची ती पहिली पशुलस म्हणून वर्तमानपत्रे भरून गेली. पुढच्याच वर्षी ब्राउन आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी त्याहून पुढची मजल मारली. व्हीपी1 मध्ये सुमारे 210 अमिनो आम्ले आहेत. त्यातली फक्त 141 ते 160 ही 20 प्रयोगशाळेत जोडून त्यांनी एक छोटा तुकडा बनवला. तो एकदाच टोचला, आणि गिनीपिग रोगापासून वाचले. ना विषाणू, ना पेशी, फक्त बाटलीतले रसायन. त्या काळच्या शास्त्रज्ञांना किती हुरूप आला असेल, हे आजही तो निबंध वाचताना जाणवते.

पण गाई म्हणजे गिनीपिग नव्हेत. जिवाणूत बनवलेले प्रथिन गोठ्यापर्यंत कधी पोहोचलेच नाही. त्या तुकड्याची मोठी परीक्षा अर्जेंटिनात झाली आणि 1997 मध्ये तिचा निकाल छापून आला. तुकडे टोचलेल्या गाईंपैकी ज्या वाचल्या त्यांचे प्रमाण कुठल्याच गटात 40 टक्क्यांच्या वर गेले नाही. त्याहून चिंतेची गोष्ट अशी की, आजारी पडलेल्या काही गाईंत विषाणूने नेमका तोच तुकडा बदलून घेतला होता. शरीराला एकच खूण शिकवली होती, विषाणूने ती खूण पुसली आणि तो निसटला.

असे का झाले, याचे उत्तर तोवर चित्रात आलेले होते. त्यासाठी आठ वर्षे मागे, 1989 मध्ये, आणि त्याआधी एका जुन्या साथीकडे जावे लागेल. 1967 च्या ऑक्टोबरात इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर ऑस्वेस्ट्रीजवळ एक साथ सुरू झाली होती. ती थांबवायला 4 लाखांहून जास्त जनावरे मारावी लागली. त्या साथीतला ओ प्रकारचा विषाणू पिरब्राइटमध्ये जपून ठेवला होता. त्याचेच स्फटिक करून ते डेअर्सबरीच्या सिंक्रोट्रॉनच्या तीव्र क्ष-किरणांत धरले गेले. 1989 च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये ऑक्सफर्डचे डेव्हिड स्टुअर्ट, एलिझाबेथ फ्राय आणि पिरब्राइटचे डेव्हिड रोलंड्स, फ्रेड ब्राउन आदींच्या नावाने ती रचना प्रसिद्ध झाली. लेखकांच्या यादीत पहिले नाव रवी आचार्य यांचे होते. रचना 2.9 अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट होती, म्हणजे मिलिमीटरच्या कोटीव्या भागाच्या जेमतेम तिपटीपर्यंत.

सर्दीच्या आणि पोलिओच्या विषाणूंची चित्रे 1985 मध्येच आली होती. त्या दोघांच्या अंगावर खोल दरी आहे. पेशीला पकडण्याची जागा त्या दरीत लपलेली असते आणि प्रतिपिंडे तिथवर पोहोचत नाहीत, असे तेव्हा मानले जाई. खुरकुताच्या विषाणूत तीच दरी दिसेल अशी अपेक्षा होती. दरी नव्हतीच. कवच पातळ आणि पृष्ठभाग गुळगुळीत होता. आणि ज्या जागेसाठी वीस वर्षे खटाटोप चालला होता, व्हीपी1 मधला तो 140 ते 160 च्या आसपासचा वळसा, तो चित्रात दिसतच नव्हता. प्रथिनाची साखळी कवचापर्यंत स्वच्छ दिसत येई, मग नाहीशी होई आणि पलीकडे पुन्हा दिसू लागे. क्ष-किरणांना स्थिर वस्तूच दिसते. हा वळसा बैलाच्या अंगावर सैल सोडलेल्या कासऱ्यासारखा झुलत होता.

तो स्थिर करून पाहायला आणखी चार वर्षे लागली. व्हीपी1 चा हा वळसा शेजारच्या व्हीपी2 ला गंधकाच्या एका बंधाने बांधलेला असतो. ऑक्सफर्ड-पिरब्राइटच्या गटाने रसायनाने तो बंध तोडला, तेव्हा वळसा खाली कलंडून कवचाला टेकला आणि 1993 मध्ये पहिल्यांदा दिसला. त्याच्या टोकावर तीन अमिनो आम्ले ओळीने उघडी होती: आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल. शरीरातल्या कित्येक प्रथिनांत हेच तीन घटक याच क्रमाने असतात आणि पेशीच्या अंगावरच्या इंटेग्रिन नावाच्या रेणूंना ती प्रथिने यांनीच बिलगतात. विषाणूने शरीराचीच खूण अंगावर वागवली होती. बार्सिलोनाच्या प्रयोगशाळेने दोन वर्षांनी दाखवले की, प्रतिपिंडही नेमके याच तीन घटकांना धरते. म्हणजे विषाणूने आपली पकडीची जागा लपवलेली नाही, ती उघड्यावर आहे. ही तीन आम्ले जवळजवळ कधीच बदलत नाहीत, पण त्यांच्या दोन्ही बाजूंची आम्ले सतत बदलतात. आरएनएची नक्कल करणारे विकर चुका तपासत नाही, त्यामुळे प्रत्येक जनावरात नवे नवे फरक पडत राहतात. जुन्या विषाणूसाठी बनलेल्या प्रतिपिंडाला आजूबाजूचा बदललेला भाग अडतो, पेशीला मात्र ती तीनच आम्ले पुरतात. गोठ्यातला दुसरा प्रश्न इथे सुटतो.

पहिला सुटायला 2000 साल उजाडले. पिरब्राइटच्या टेरी जॅक्सन यांनी दाखवले की, या विषाणूला अनेक इंटेग्रिनांपैकी अल्फा-व्ही-बीटा-6 हे विशेष मानवते. मग गाईच्या शरीरात ते कुठे कुठे आहे याचा शोध घेतला गेला. 2005 मध्ये उत्तर आले: जीभ, तोंडातली त्वचा, खुराच्या कडेची त्वचा. फोड जिथे येतात, तिथल्याच पेशींवर हे इंटेग्रिन कायम असते. फ्रेंकेल यांच्या बाटल्यांत जिभेची साल का कामी आली, तेही मग आपोआप उमगते.

पेशीने विषाणूला आत ओढले की, त्याला घेऊन जाणारी पिशवी हळूहळू आंबट होते. 12 पंचकोनी तुकड्यांच्या सांध्यांवर हिस्टिडिन नावाची अमिनो आम्ले आहेत. आंबटपणा थोडा वाढला की त्यांच्यावर धन विद्युतभार येतो, ती एकमेकांना ढकलतात आणि कवच तुकडे होऊन आरएनए मोकळा होतो. मोकळा झालेला आरएनए सर्वांत आधी एक विकर बनवतो. ते विकर पेशीच्या प्रथिन बनवण्याच्या यंत्रणेतला एक दुवा कापते, मग पेशी स्वतःसाठी काही बनवू शकत नाही आणि विषाणूसाठी राबत राहते. विषाणूची सगळी प्रथिने एकाच लांब साखळीत बनतात, नंतर ती तोडली जातात. त्यातली एक तोड फार अद्भुत आहे. 1991 मध्ये पिरब्राइटचे मार्टिन रायन आणि सहकारी यांना दिसले की, 2ए नावाचा जेमतेम 18 अमिनो आम्लांचा तुकडा कोणत्याही विकराशिवाय साखळी तोडतो. खरे तर ती तुटत नाही. साखळी जोडत जाणारा रायबोसोम त्या जागी एक बंध जोडायचाच सोडून देतो आणि पुढे चालू लागतो. एका जनुकातून दोन-तीन वेगळी प्रथिने हवी असली की जगभरचे संशोधक आज हाच तुकडा वापरतात. जनुकोपचारातही तो वापरला जातो.

सांध्यांवरच्या हिस्टिडिनची आपल्या लशीशी थेट गाठ आहे. लशीत मारलेला असला तरी विषाणू अख्खा लागतो. शरीराला व्हीपी1 चा एक वळसा नव्हे, तर तिन्ही प्रथिनांनी मिळून घडवलेला कवचाचा पृष्ठभाग ओळखायचा असतो. कवच सुटून 12 तुकडे झाले की त्याच प्रथिनाने फारसे संरक्षण मिळत नाही. ते सुटायला आंबटपणा लागतोच असे नाही, उष्णताही पुरते. ओ प्रकाराचे कवच तर ए पेक्षा जास्त नाजूक, आणि भारतात सर्वाधिक साथी ओ प्रकाराच्याच. म्हणून लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. एप्रिलच्या विदर्भात, रस्त्यावर तापलेल्या मोटारसायकलवर थर्मासमध्ये बर्फ घालून लस नेणारा कर्मचारी कवचाच्या या सांध्यांचीच राखण करत असतो. लस टोचूनही रोग आला की बोट आधी त्या कर्मचाऱ्याकडे जाते. पण कारखान्यापासून तालुक्यापर्यंतच्या प्रत्येक शीतपेटीत किती अंश तापमान होते, ते विचारणारा माणूस मला क्वचितच भेटला.

या कवचाने 2001 मध्ये ब्रिटनला हादरवले. ओ प्रकारच्या, पॅनएशिया नावाच्या वाणाने 2,026 ठिकाणी रोग पसरला आणि 60 लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. व्हीपी1 च्या जनुकाची वंशावळ काढली तेव्हा या वाणाचा सर्वांत जुना नमुना 1990 चा, उत्तर भारतातला निघाला. आणि 2007 च्या ऑगस्टमध्ये सरे परगण्यात पुन्हा जनावरे आजारी पडली. या वेळचा विषाणू जगात कुठेही फिरत नव्हता. तो 1967 चाच होता, ज्याच्या स्फटिकांतून कवच पहिल्यांदा दिसले होते, जो लशीसाठी आणि अभ्यासासाठी पिरब्राइटच्या परिसरात वाढवला जात होता. सांडपाण्याच्या गळक्या नळांतून तो बाहेर पडला, असे चौकशीत निष्पन्न झाले. ग्राइफ्सवाल्डला जे घडले होते, ते एका शतकाने इथे घडले.

तेव्हापासून जिवंत विषाणू न वाढवता लस करण्याचा ध्यास वाढला. या वेळी मात्र स्टुअर्ट आणि पिरब्राइट, रीडिंग इथल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 ची वाट पुन्हा धरली नाही. त्यांनी कीटकांच्या पेशींत आरएनए नसलेले अख्खे रिकामे कवच बनवले. रिकामे कवच भरलेल्यापेक्षाही लवकर सुटते. म्हणून त्यांनी रचनेच्या चित्रात पंचकोनी तुकड्यांचा सांधा न्याहाळला. व्हीपी2 मधले 93 वे अमिनो आम्ल समोरच्या तुकड्यातल्या आपल्याच जोडीदारासमोर येते. ए प्रकारात तिथे हिस्टिडिन होते. ते काढून सिस्टीन बसवले, तेव्हा समोरासमोरच्या दोन सिस्टीनांत गंधकाचा बंध जुळला आणि सांधे टाचले गेले. 2013 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. असे कवच उष्णता आणि आंबटपणा दोन्ही जास्त सोसते, आणि ते टोचलेल्या गाईंना संरक्षणही मिळाले. एक अमिनो आम्ल बदलायचे, पण कुठले, हे 1989 चे चित्र नसते तर कोणी सांगितले असते?

भारतात मात्र आजही मारलेल्या अख्ख्या विषाणूचीच लस आहे. सप्टेंबर 2019 मध्ये लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्यासाठी 13,343 कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गाई-म्हशींना वर्षातून दोनदा लस आणि कानात बिल्ला, हे त्याचे गावोगाव दिसणारे रूप. लशीतला ओ प्रकार 1975 च्या, एशिया 1 प्रकार 1972 च्या आणि ए प्रकार 2000 च्या भारतीय नमुन्यातून आला आहे. विषाणू मात्र त्या सालांत थांबून राहिलेला नाही. 2002-03 च्या सुमारास भारतात ए प्रकाराचा एक गट पुढे आला, ज्याच्या व्हीपी3 मधले 59 वे अमिनो आम्लच गळून गेले आहे. हा भाग कवचाच्या पृष्ठभागावर, प्रतिपिंडे ओळखतात अशा जागी आहे. पुढच्या वर्षांत ए च्या साथींत हाच गट ठळक झाला आणि त्यातले काही नमुने लशीशी नीट जुळले नाहीत. ओ प्रकारातला 2001 साली भारतात वेगळा ओळखला गेलेला एक वंश तर पुढे लिबिया, ट्युनिशिया, अल्जीरियापर्यंत गेला, हेही व्हीपी1 च्या वाचनातूनच कळले.

हे वाचन पूर्वी मुक्तेश्वरला होत असे, आता ते भुवनेश्वरजवळच्या राष्ट्रीय संस्थेत होते. त्यासाठी लागते ती ताज्या फुटलेल्या फोडाची, जिभेची नाहीतर खुराची, थोडीशी साल. ती ग्लिसरीनच्या द्रवात घालून बर्फात पाठवायची असते. जखमा भरत आल्यावर घेतलेला नमुना बहुधा वाया जातो. साथीची बातमी लपवली, किंवा लाल औषधाने खुर धुऊन प्रकरण गावातच मिटवले, तर त्या वर्षी विषाणूने कवचात काय बदलले ते कळायला मार्ग उरत नाही, आणि पुढच्या लशीत कोणता वाण घालायचा ते ठरवणाऱ्यांना आदल्या साथीच्या नमुन्यांवरच भिस्त ठेवावी लागते.